बाद तुकड्यांचा कोट

१२ जानेवारी

ताई,

सुरुवात कशी करावी यात तीन कागद फाडून झाले, तेव्हा आता सरळ कामाचंच लिहिते.

मावशी गेल्याचं तुला जहाजाच्या कंपनीकडून कळलं असेलच. मी त्यांच्या ऑफिसात निरोप ठेवला होता. तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. भर समुद्रातून येणार तरी कशी.

तिच्या मागे फार काही निघालं नाही. खोली भाड्याची होती, ती सोडली. भांडी मी आणली. राहिला तो फरचा कोट. हो, तोच, ज्याच्यावरून फरच्या दुकानाच्या मालकांनी चोरीचा आळ घेऊन मावशीला कामावरून काढलं. पलंगाखालच्या पेटीत, जुन्या चादरीत गुंडाळलेला. वकिलांनी कागद वाचून दाखवला, त्यात तिनं लिहिलंय, ‘कोट दोघींचा.’ म्हणजे तुझ्या सहीशिवाय मला तो विकता येत नाही.

मी तो जुने कपडे घेणाऱ्या एका दुकानदाराकडे नेला होता. त्यानं दोन बोटांनी कॉलर उचलली, एक केस उपटला आणि म्हणाला, “ससा आहे. तोही म्हातारा.” किंमत सांगितली ती आमच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त चष्म्याच्या फ्रेमएवढी. तीही बिनकाचेच्या.

घरात ठेवायला मला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर तो कोट घरात असला की मला बरं वाटत नाही. सोबतच्या संमतिपत्रावर सही करून पाठव. जे येतील त्याचे दोन भाग करू.

मावशीला शेवटी फार त्रास झाला नाही. तिनं कुणाची आठवण वगैरे काढली नाही.

धाकटी


३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. सही मिळाली. एकतीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि तेही चारच शब्दांचं, ‘ससा नाहीच आहे तो.’

त्या चार शब्दांनी माझी झोप उडवली बघ. तुला ठाऊक असणारच, म्हटलं. दोन वर्षं तू मावशीच्या त्या फरच्या दुकानात काउंटरवर होतीस. मी तेव्हा अकरा वर्षांची, मला फर म्हणजे मांजर एवढंच कळायचं. मग चौकशी केली. फरची दुरुस्ती करणारा एकच माणूस आता गावात उरलाय असं कळलं. ऐंशीच्या घरातले आजोबा, एका शाळेच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत बसतात. टेबल, दिवा, एक लोखंडी कंगवा आणि भिंतीला टांगलेल्या सुऱ्या, बस्स.

मी कोट टेबलावर ठेवला. त्यांनी हात लावला नाही. आधी वाकून कोटावर फुंकर मारली. केस फुलासारखे उघडले, आत दाट करडी लव दिसली. मग दुसरीकडे फुंकर, मग तिसरीकडे. मी उभीच.

“मिंक, फरमधलं भारी जनावर,” ते म्हणाले. “ससा म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याला ससा दाखवतो.”

मग त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि थांबले. परत फिरवला. चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं कसर-बिसर दिसली काय.

“बाई, सांधा दिसतोय का तुम्हाला कुठे?”

मी रोज काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधून पगार घेते, ताई. खिशातलं भिंग काढून पाहिलं. सांधा नव्हता. मानेशी जवळजवळ काळा असलेला रंग पाठीवरून उतरत उतरत खाली मधासारखा होत गेला होता, एका दमात, मध्ये कुठे अडखळणं नाही.

“मलाही दिसत नाही,” आजोबा म्हणाले, “पण हाताला लागतो. अस्तर उघडू?”

मी हो म्हटलं. त्यांनी खालच्या काठाचे टाके एकेक करून कापले आणि अस्तर वर उचललं.

ताई, तो कोट आतून अख्ख्या कातड्यांचा नाही. तुकड्यांचा आहे. बोटभर, अर्ध्या बोटाएवढे, काही तर माझ्या नखाएवढे. तिरके, त्रिकोणी, पानासारखे. एकाला एक इतक्या बारीक टाक्यांनी जोडलेले की आधी मला ते चामड्यावरचं विणकाम वाटलं. आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर जांभळ्या शाईचा शिक्का, कुठे पूर्ण, कुठे कापलेला. सगळीकडे एकच शब्द. बाद. बाद. बाद.

आजोबा खुर्चीवर बसले. म्हणाले, “हा शिक्का माझ्या हातचा आहे.”

पुढचं उद्या लिहिते. सकाळी दुकानात चष्म्याच्या काचा घासायला बसायचंय.

धाकटी


४ फेब्रुवारी

ताई,

ऐक. आजोबा त्याच दुकानात कापायच्या टेबलावर होते, मावशी ज्या दुकानात टाके घालायची तिथेच. तू काउंटरवर होतीस, ते मागे कारखान्यात असायचे, म्हणून तुला आठवत नसतील. कातडी कापताना उरलेल्या चिंध्या, पंजे, गळ्याकडचे तुकडे, हे सगळं बाजूला काढून त्यावर शिक्का मारायचं काम त्यांचं. शिक्का पडला की तो माल दुकानाचा राहत नसे. ज्याला हवा त्यानं न्यावा, अशी भिंतीला पाटीच होती. लोक उशांत भरायला न्यायचे.

“तुमची मावशी दर शनिवारी एक पिशवी न्यायची. मी म्हणायचो, बाई, किती उशा करताय? हसायची नुसती. नऊ वर्षं नेत होती.”

म्हणजे चोरी नव्हतीच! एक तुकडासुद्धा नाही! ताई, मी त्या खोलीत ओरडलेच. आजोबा म्हणाले, हळू, वर वर्ग चालू आहे.

मग मी विचारलं, तिनं हे केलं कशासाठी? घालण्यासाठी तर नाही, कधी घातला नाही. आजोबांनी खाली बघत सांगितलं. दुकानात टाके घालायला बायका आणि कापायला पुरुष, हा नियम. कापणाऱ्याचा पगार दुप्पट, नाव वेगळं. मावशीनं मालकांकडे दोनदा मागणी केली, मला सुरी द्या. मालक म्हणाले, बायकांना केसांचा कल कळत नाही. तेव्हा ती म्हणाली, मी करून दाखवते. हा कोट म्हणजे तिचं करून दाखवणं होतं. जे तुम्ही फेकता, त्यातून.

“आणि मग मालक तुमच्या घरी आले,” आजोबा म्हणाले, “तेव्हा तिनं सांगितलं म्हणे, अस्तर उघडून बघा. त्यांनी उघडलं नाही. गिऱ्हाईकं उन्हाळ्यात आपले कोट त्यांच्या थंड खोलीत ठेवायची, चोरीचा शब्द बाहेर गेला असता तर धंदा बसला असता. म्हणून कोट ठेव, तोंड बंद ठेव, उद्यापासून येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, बाद मालातून कोट होऊ शकतो का? मला माहीत होतं, तिच्या हातून होऊ शकतो. मी म्हणालो, नाही. मुख्य कापणाऱ्याची जागा रिकामी होणार होती, बाई. मला मिळाली.”

रागावणार होते, पण रागावायला तोंड हवं ना.

मावशीनं त्यानंतर रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या, निवृत्त होईपर्यंत. तिच्या हाताचं कातडं कसं झालं होतं ते तू पाहिलं नाहीस.

आज अर्धी रजा टाकून मी तुकडे मोजले. भिंग लावून. दोन हजार नऊशे अठरा. उद्या परत मोजणार आहे, कारण मजा येते.

धाकटी

ता. क. कोट विकण्याची घाई आता मला नाही. तुझं संमतिपत्र ड्रॉवरमध्ये आहे.


२ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. बातम्या इतक्या आहेत की कुठून सुरू करू. आजोबांनी हस्तकलेच्या संग्रहालयात फोन केला. तिथल्या बाई आल्या, उंच, गळ्यात दोन चष्मे (दोन्ही चुकीच्या नंबरचे, मी लगेच सांगितलं). त्यांनी पांढरे हातमोजे घालून कोट तीन तास पाहिला. मध्येच त्यांनी आजोबांना विचारलं, “हे एका माणसाचं काम आहे?” आजोबा म्हणाले, “एका बाईचं.” बाईंनी हातमोजे काढले आणि नुसत्या बोटानं एका टाक्याला हात लावला. नियमात बसत नसणार ते.

दुसऱ्या दिवशी किंमत ठरवायला लिलाववाल्यांचा माणूस आला. त्यानं आधी तोंड वाकडं केलं, तुकड्यांचा माल म्हणून. मग अस्तराखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. मला ‘बाईसाहेब’ म्हणाला!

संग्रहालयानं लेखी किंमत दिली आहे. मावशीचा धुलाईघरातला तीन वर्षांचा पगार होईल इतकी. आणि परवा अजून एक पत्र आलं, जाड कागदावर. त्या दुकानाचं. मालक कधीच गेले, आता त्यांची मुलगी चालवते. तिला कुठून तरी कळलं. ती संग्रहालयाच्या तिप्पट द्यायला तयार आहे. तिला तो दुकानाच्या दर्शनी काचेत लावायचा आहे, ‘आमच्या कारागिरीचा नमुना’ म्हणून. मावशीच्या नावाचा उल्लेख पत्रात नाही.

तिप्पट, ताई. तुझा गुडघा दुखतो असं तू लिहिलंयस, आणि जहाजाच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय ते मला कळतं. तेव्हा ठरवायचं तू. दोन्ही कागद सोबत आहेत. ज्यावर करशील त्यावर माझी सही आहेच.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलेलं नाही. कोट घरात आहे हे मालकांना कुणी सांगितलं, ते आजोबांना माहीत नाही. मी विचारलं.

धाकटी


५ मार्च

ताई,

परवाचं पत्र टाकलं आणि टपालपेटीत हात घालून ते परत काढता येईल का, ते बघत उभी राहिले. येत नाही.

आजोबांना माहीत नाही, हे खरं. पण मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती.

मी सांगितलं होतं.

मालकांची मुलगी माझ्या वर्गात होती. पांढरी फरची कॉलर घालून यायची. एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, हिची मावशी आमच्याकडे सुईदोरा करते. मी म्हटलं, आमच्याकडे अख्खा कोट आहे, तुमच्या दुकानातल्या कुठल्याही कोटापेक्षा भारी, पलंगाखाली. तू मला भोंगा म्हणायचीस ना? त्या दिवशी भोंगा वाजला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक आले. ते गेल्यावर मावशीनं तुला विचारलं, “तू बोललीस का?” आदल्याच दिवशी तुमचं जहाजाच्या नोकरीवरून भांडण झालं होतं. तू तिच्याकडे पाहिलंस, बूट उचललेस आणि अनवाणीच जिना उतरलीस. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. हातात भूगोलाची वही. मला वाटलं, ताई परत आली की सांगेन. तू आली नाहीस. मग वाटलं, मोठी झाले की सांगेन. मोठं होऊनही मी गप्पच बसले.

आणखी एक. पहिल्या पत्रात लिहिलं की मावशीनं कुणाची आठवण काढली नाही. खोटं. रुग्णालयात रोज विचारायची, जहाज कुठे असेल आता? जाण्याच्या चार दिवस आधी मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडून पाणी मागून घेतलं, प्यायली. मग म्हणाली, “मी तिला विचारायला नको होतं. तिला विचारलं, हीच चूक.” मला एक शब्द बोलली नाही. ते सोसवत नव्हतं. मग म्हणाली, वकिलाला बोलाव. आधी कोट फक्त माझ्या नावावर होता. ‘दोघींचा’ हा शब्द तिनं त्या दिवशी घालून घेतला.

तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर देण्याआधी मी हे लिहायला हवं होतं. कोट चोरीचा नव्हता हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की वाटलं, आता माझंही धुऊन निघालं. नाही निघालं. मावशी निर्दोष होती म्हणून मी होत नाही.

सही कर, नको करू. पत्र लिही, नको लिहू. मी लिहिलं.

भोंगा


१९ एप्रिल

ताई,

सहा आठवडे मी पोस्टमनचा चष्मा फुकट दुरुस्त करत होते, केवळ तो दुकानात यावा म्हणून. काल तो पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, आता तरी काड्या घट्ट करणं थांबवा, कान दुखतात.

तुझं पत्र मी मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रापाशी, यंत्र चालू ठेवून वाचलं. कुणाला काही ऐकू जाऊ नये म्हणून.

तू लिहिलंयस, ‘एकतीस वर्षं प्रत्येक बंदरावर मी आठवत होते की मी कुणाशी काय बोलले. शेवटी मला वाटायला लागलं होतं की बोलले असेन.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. राग आहे असं लिहिलंयस, तो राहील असंही लिहिलंयस. राहू दे. तो तुझा हक्काचा आहे.

आणि मग पुढचं पान. ‘संग्रहालयाच्या कागदावर सही केली आहे. दुकानाच्या कागदात मासे गुंडाळले.’ मी हसले की रडले, माहीत नाही. यंत्र चालू होतं.

दुकानाला तुझं उत्तर मी जसंच्या तसं उतरवून पाठवलं, ‘फुकट बघायला मिळत होता, तेव्हा तुम्ही अस्तरसुद्धा उघडलं नाहीत. आता तिकीट काढून बघा.’ ताई, असं वाक्य सुचायला समुद्रावर राहावं लागतं का?

तुझी अट मला मान्य आहे. संग्रहालयात कोट मांडतील त्या उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहीन. सांगेन. तुझं नाव घेऊन.

भोंगा


१४ जून

ताई,

झालं. सगळं क्रमानं सांगते, मध्ये घाई करणार नाही.

मोठी खोली, उंच खिडक्या, मधोमध काचेची पेटी. कोट अर्धा बाहेरून आणि अर्धा आतून दिसेल असा मांडलाय. एका बाजूनं गेलात तर काळ्यापासून मधापर्यंत उतरत गेलेला रंग. वळून पलीकडे गेलात की दोन हजार नऊशे अठरा तुकडे आणि त्यांच्यावर ‘बाद’. लोक वळायचे आणि तिथेच थबकायचे. मी अर्धा तास नुसते लोकांचे चेहरे बघत होते. पेटीखाली पितळी पाटी, तिच्यावर मावशीचं पूर्ण नाव, आणि खाली, ‘आखणी, कापणी आणि शिलाई.’ संग्रहालयाच्या बाईंनी आधी फक्त ‘शिलाई’ लिहिलं होतं. आजोबांनी पाटी नव्यानं करायला लावली.

गर्दी होती. मालकांची मुलगी आली होती, खरंच तिकीट काढून. आणि कारखान्यातल्या सहा टाके घालणाऱ्या बायका, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, अंगात कामाचे एप्रन तसेच.

आधी आजोबा बोलले. काठी बाजूला ठेवून उभे राहिले. “मला विचारलं होतं, बाद मालातून कोट होतो का. मी नाही म्हणालो. मी खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर मला या बाईच्या हक्काची जागा मिळाली.” एवढंच. बसले.

मग मी. ताई, मी काचेच्या पेटीशी जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, “हा कोट घरात आहे हे मी बाहेर सांगितलं. अकरा वर्षांची होते, फुशारकी मारली. त्याचा आळ माझ्या मोठ्या बहिणीवर आला.” मग तुझं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. “ती बोलली नव्हती. ती कुणाशी एक अक्षरही बोलली नव्हती. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले.”

कुणी टाळी वाजवली नाही. बरं झालं. टाळ्या वाजवण्यासारखं नव्हतंच ते. पण मी बसले तेव्हा माझ्या शेजारच्या एप्रनवाल्या बाईनं माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिच्या बोटांना मावशीसारखेच सुईचे घट्टे.

मग मालकांची मुलगी पुढे आली. पाटी वाचली. वळून आतली बाजू पाहिली. वाकून, काचेला नाक टेकवून. तिलाही फर कळते, बापाकडून शिकलीय. उभी राहिली तेव्हा चेहरा लाल झाला होता. मला म्हणाली, “मला आठवतंय तो दिवस. घरी जाऊन मीच बाबांना सांगितलं. मला वाटलं, तू थापा मारत्येस.”

मी म्हटलं, “मारत नव्हते.”

“नाही,” ती म्हणाली. “भारीच आहे.”

तेवढ्यात शेजारून त्या एप्रनवाल्या बाईनं, माझा हात न सोडता दुसऱ्या हाताचं बोट उगारून, खणखणीत विचारलं, “मालकीणबाई, कापायच्या टेबलावर आजही बायका नाहीत. का नाहीत?”

मालकीणबाईंनी कोटाकडे पाहिलं, त्या सहा जणींकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, “सोमवारी दोघी जणी या. सुऱ्या देते.”

“दोघी का? सहाही येतो,” बाई म्हणाली. “हात बघा, मग ठरवा.”

आता वाजल्या टाळ्या! आजोबा काठी जमिनीवर आपटत होते. संग्रहालयाच्या बाई, त्याच ज्या कुणाला मोठ्यानं बोलू देत नाहीत, शिट्टी वाजवत होत्या. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. नऊ वर्षं शनिवारी शनिवारी पिशवी नेणाऱ्या बाईनं जे मागितलं होतं, ते मिळालं, ताई. तिला नाही मिळालं. पण मिळालं.

सोमवारी मी मुद्दाम त्या कारखान्यावरून गेले. खिडकीतून दिसतं. लांब टेबल, आणि टेबलाशी तीन पुरुष आणि चार बायका. एकीनं मला पाहिलं आणि सुरी उंच करून दाखवली.

संग्रहालयाचा चेक आला. तुझा भाग कंपनीच्या ऑफिसात जमा केलाय. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं का, ते डॉक्टरला विचार आणि खरं काय ते मला लिही. कमी पडलं तर माझ्या भागातून घे, आणि त्यावर वाद घालू नकोस.

कंपनीतल्या माणसाकडून कळलं की तुमचं जहाज शरद ऋतूत इकडच्या बंदराला लागेल, तारीख ठरायची आहे. मी दुकानात रजेचा अर्ज भरून दिलाय. नाव, कारण, सही, सगळं लिहिलंय. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवलीय. आमचे दुकानमालक म्हणाले, असा अर्ज मंजूर करता येत नाही. मी म्हटलं, करा. त्यांनी केला.

तुझी भोंगा